पूल नाही, गाडी नाही, घरं जास्तीत जास्त दीडशे : डिवीज बेटावरचा संसार कसा चालतो

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटन शहराच्या ईशान्येला, किनाऱ्याला समांतर अशी वाळूच्या बेटांची रांग आहे. त्या रांगेतली तीन शेजारी बेटं एकत्र पाहिली की एक गोष्ट चटकन समजते. पहिलं आइल ऑफ पाम्स. तिथे पूल आहे, रस्ते आहेत, हॉटेलं आहेत, गोल्फ आहे. तिसरं केपर्स. ते राज्य सरकारने राखीव ठेवलेलं, तिथे वस्ती नाही. या दोघांच्या मधोमध डिवीज. सुमारे १२०० एकरांचं, म्हणजे पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे बेट खाजगी मालकीचं आहे. लोक तिथे राहतात, पण घरांची संख्या १५० च्या वर जाऊ शकत नाही. बेटाचा साधारण ६५ टक्के भाग बांधकामापासून कायमचा बाजूला ठेवलेला आहे. दुकान नाही, खानावळ नाही, पेट्रोलवर चालणारी खाजगी गाडी नाही.

१९९०च्या दशकात ही वसाहत आखली गेली तेव्हापासून तिच्याबद्दल बरंच कौतुकाने बोललं जातं. कौतुक वाजवी आहे, पण त्यातून असा समज होतो की निसर्गप्रेमी माणसं एकत्र आली आणि बेट वाचलं. प्रत्यक्षात बेट वाचतं ते तीन गोष्टींमुळे : दस्तात लिहून ठेवलेल्या मर्यादा, रोजची कष्टाची देखभाल, आणि पूल न बांधण्याचा निर्णय. यातली प्रत्येक गोष्ट कशी चालते आणि कुठे बिघडते, ते इथे पाहू.

कागद आधी, झाडं नंतर

जमिनीची मालकी ही एकसंध वस्तू नसते. ती हक्कांची मोळी असते. राहण्याचा हक्क, विकण्याचा, वारसाला देण्याचा, झाडं तोडण्याचा, बांधण्याचा, तुकडे पाडण्याचा, अशा वेगवेगळ्या काड्या तिच्यात असतात. मोळीतली एखादी काडी काढून कायमची दुसऱ्याच्या हाती देता येते आणि बाकीची मोळी आपल्याकडे राहते. आपल्याकडे शेतातून शेजाऱ्याची वाट जाते तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादा बोजा चढला की जमीन कितीही वेळा विकली गेली तरी तो जमिनीबरोबर जातो. नवा मालक ‘मी कुठे कबूल केलं होतं’ असं म्हणू शकत नाही.

अमेरिकेत याच तत्त्वावर दोन प्रकारची कागदपत्रं होतात. एक म्हणजे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’. यात मालक बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो आणि तो सोडलेला हक्क एखाद्या भूमी-न्यासाकडे किंवा सरकारी संस्थेकडे जातो. तो न्यास स्वतः तिथे काहीही बांधू शकत नाही. कुणी बांधत असेल तर कोर्टात जाऊन थांबवणं एवढंच त्याचं काम. जमिनीची किंमत त्यामुळे उतरते, आणि उतरलेल्या किमतीइतकी देणगी दिली असं मानून ठरावीक अटींवर करात सवलत मिळते. दुसरा प्रकार ‘कव्हेनंट’. वसाहत आखणारा पहिला मालक प्लॉट विकण्याआधीच अटींचा दस्त नोंदवतो. प्रत्येक खरेदीखत त्या अटींसकट होतं आणि अंमलबजावणी प्लॉटधारकांच्या संघटनेकडे येते. आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या उपविधींसारखंच हे, फक्त बरंच कडक आणि घराच्या आत-बाहेर दोन्हीकडे लागू. डिवीजचा सगळा डोलारा या अटींवर उभा आहे.

सरकारने थेट कायदा करून बांधकामबंदी का आणू नये? याचं उत्तर शेजारच्याच बेटावर मिळतं. डेव्हिड लुकास या बांधकाम व्यावसायिकाने १९८६ मध्ये आइल ऑफ पाम्सवर समुद्रालगतचे दोन प्लॉट ९,७५,००० डॉलरना घेतले. १९८८ मध्ये राज्याने किनारा व्यवस्थापनाचा कायदा केला आणि त्या प्लॉटवर कायमस्वरूपी घर बांधणं अशक्य झालं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नियमामुळे जमिनीचं सगळंच आर्थिक मोल संपत असेल तर सहसा सरकारने भरपाई द्यायला हवी. राज्याने शेवटी तडजोड करून ते प्लॉट विकत घेतले आणि खर्च भरून काढायला पुढे बांधकामासाठीच विकून टाकले. ज्या वाळूवर घर होऊ नये म्हणून इतका खटाटोप केला, तिथेच घर आलं. मालकाने स्वतःहून, करारात, आधीच हक्क सोडला असेल तर हा सगळा वाद उद्भवत नाही. खाजगी बेटावरच्या दस्ताचं बळ इथे आहे.

त्याची कमजोरीही इथेच आहे. संघटनेच्या हाती असलेल्या अटी बहुतेक ठिकाणी सभासदांच्या ठरावीक बहुमताने बदलता येतात. पहिल्या पिढीने हौसेने घेतलेले प्लॉट पुढे वारसांकडे किंवा गुंतवणूकदारांकडे जातात आणि ‘थोडी सूट द्या’ ही मागणी सुरू होते. म्हणून अनुभवी वकील दोन थर ठेवायला सांगतात. घराचा रंग, कुंपण, पाळीव प्राणी अशा रोजच्या अटी संघटनेकडे असाव्यात. पण घरांची कमाल संख्या आणि राखीव जमीन या दोन गोष्टी बाहेरच्या न्यासाकडे ईझमेंट म्हणून नोंदवाव्यात, म्हणजे आतल्या बहुमताला तिथे हात घालता येत नाही.

एका घराला किती जमीन लागते

डिवीजवर घराचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त ५००० चौरस फूट. आपल्या मानाने हा वाडाच झाला, आणि इथे कोण राहू शकतं तेही त्यातून कळतं. ही श्रीमंतांची वसाहत आहे, हे न लपवता सांगायला हवं. पण निसर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा दुसराच आहे : प्लॉटवरची एकूण ढवळलेली जमीन. घर, पायवाट, जिने, गाडी लावण्याची जागा, बांधकामाच्या वेळी माल उतरवायला मोकळी केलेली जागा, असं सगळं धरून ७५०० चौरस फुटांची मर्यादा आहे. प्लॉट कितीही मोठा असला तरी उरलेली झाडी जशी आहे तशी राहते. हिरवळ लावता येत नाही. झाडं लावायची ती तिथली, स्थानिकच : सदाहरित लाइव्ह ओक, पामेटो ताड, वॅक्स मर्टल, यॉपॉन होली.

हा नियम केवळ हौसेचा नाही. वाळूच्या बेटावरचं जंगल वाऱ्याने घडवलेलं असतं. समुद्राकडून खारे तुषार घेऊन येणारा वारा पहिल्या रांगेतल्या झाडांचे शेंडे जाळतो, म्हणून ती झाडं बुटकी राहून तिरप्या छपरासारखी वाढतात आणि त्या छपराआड मागची झाडं उंच होतात. समुद्र दिसावा म्हणून कुणी मध्ये पंचवीस-तीस फुटांची खिडकी पाडली की खारा वारा त्या फटीतून आत घुसतो आणि पुढच्या दोन-चार वर्षांत कडेची झाडं एकेक करून वाळत जातात. तोडलेली झाडं पाच, मेलेली वीस, असा हिशेब होतो.

हिरवळ नको म्हणण्याचं कारण खत. वाळूत पाणी थांबत नाही, त्यामुळे खतातला नायट्रोजन पावसाबरोबर थेट खाडीत जातो. रस्तेही याच कारणाने डांबरी नाहीत; वाळू आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे आहेत, म्हणजे पाऊस पडेल तिथेच मुरतो. त्यांची खोट अशी की चाकोऱ्या पडतात आणि मुसळधार पावसानंतर रस्ता पुन्हा समतल करावा लागतो.

घर उभं करतात ते खांबांवर. खालचा मजला मोकळा किंवा हलक्या भिंतींचा. या भिंती लाट आली की निखळून जाव्यात अशाच बसवतात, कारण त्या घट्ट राहिल्या तर लाटेचा सगळा जोर खांबांवर येतो. खिळे आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे लागतात. साधं जस्त चढवलेलं लोखंड समुद्रासमोर काही वर्षांतच गंजून लाकडावर तांबडे ओघळ सोडतं. गॅसची टाकी पट्ट्यांनी जमिनीत बांधून टाकावी लागते, कारण टाकी पाण्यात तरंगते आणि तरंगताना नळी तुटते.

बोट हेच दार

बेटावर जायचं ते आइल ऑफ पाम्सच्या धक्क्यावरून फेरीबोटीने. वीसेक मिनिटांचा प्रवास. गाडी अलीकडच्या काठावर ठेवायची, सामान बोटीत, आणि पलीकडे विजेवरच्या गोल्फ कार्टमध्ये.

याचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम बाहेरून लक्षात येत नाही. दूध संपलं तर बोटीचं वेळापत्रक पाहावं लागतं. आठवड्याची खरेदी झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरतात, नाशवंत वस्तू बर्फपेटीत. प्रत्येक पिशवी निदान चार वेळा उचलावी लागते : दुकानातून गाडीत, गाडीतून बोटीत, बोटीतून कार्टमध्ये, कार्टमधून जिन्याने वर. आठवडाभर हे केलं की माणूस आपोआप कमी आणि कमी वेष्टनाच्या वस्तू आणू लागतो. विटा, सिमेंट, लाकूड, फर्निचर हे सगळं बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवरून येतं, त्यामुळे बांधकामाचा खर्च मुख्य भूमीपेक्षा चांगलाच वाढतो. सुतार-प्लंबरचा दिवसही बोटीने ठरतो. शेवटची फेरी चुकवून चालत नाही.

कार्ट साधी असते, तरी तिची निगा लागते. जुन्या पद्धतीच्या कार्टमध्ये ८ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट करतात. दर महिन्याला झाकणं उघडून पाण्याची पातळी पाहायची आणि ऊर्ध्वपातित पाणीच घालायचं. विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसले की बॅटरी अकाली मरते. खाऱ्या हवेने जोडांवर हिरवट-पांढरा गंज चढतो. तो सोड्याच्या पाण्याने धुवून वर ग्रीस लावतात. लिथियमच्या बॅटरीला हा त्रास नाही, पण तिला वेगळा धोका आहे. तिच्यात समुद्राचं पाणी शिरलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन कधी कधी काही दिवसांनीही आग लागते. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात पाण्यात बुडालेल्या विजेवरच्या गाड्यांना अशा आगी लागल्या. म्हणून वादळाआधी कार्ट उंचावर आणि घरापासून लांब नेऊन ठेवतात.

पूल बांधला असता तर हे सगळे कष्ट वाचले असते, आणि त्याच वेळी रोज हजारो गाड्या, त्यांच्यासाठी पार्किंग, मग दुकानं, मग रुंद रस्ते अशी साखळी सुरू झाली असती. कागदावरची दीडशे घरांची मर्यादा प्रत्यक्षात टिकते, त्यात बोटीचा वाटा मोठा आहे.

वाळूखालचं गोडं पाणी

कोकणात समुद्राकाठच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ का होतं, हे ज्याला माहीत आहे त्याला बेटाचं पाणी समजायला वेळ लागणार नाही. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. या छोट्या फरकातून एक नियम निघतो : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या चाळीसपट ते खाली असतं. समुद्रसपाटीच्या वर अर्धा मीटर पाणी असेल तर खाली वीस मीटरपर्यंत गोडं पाणी. मध्यभागी जाड, कडेला पातळ, असा त्याचा आकार भिंगासारखा होतो.

आता पंप लावून पातळी फक्त दहा सेंटिमीटरने उतरवली तर? वरून दहा सेंटिमीटर गेले, पण खालून कालांतराने चार मीटर गेले. शिवाय जोराचा पंप असेल तर विहिरीच्या थेट खालचं खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं आणि एक दिवस नळाला मचूळ चव येते. तसं झालं की पंप बंद करून वाट पाहण्याखेरीज फारसं काही करता येत नाही. वादळात समुद्र बेटावरून वाहून गेला तर वरूनही मीठ शिरतं आणि ते पावसाने धुऊन जायला कित्येक महिने लागतात.

त्यामुळे वाळूच्या बेटावर वस्ती करायची तर वरच्या भिंगातून ओरबाडायचं नाही, हा पहिला नियम. खोलवरच्या जलधरातून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरातून पाणी घ्यायचं आणि गरज पडल्यास आरओने त्यातलं मीठ काढायचं, किंवा कमी दाबाच्या, एकमेकींपासून लांब अशा अनेक उथळ विहिरी ठेवायच्या. आरओ केलं तर मागे उरणारं दाट खारं पाणी कुठे सोडायचं हा प्रश्न लगेच उभा राहतो. ते उथळ, बंदिस्त खाडीत सोडलं तर तिथले जीव मरतात. सांडपाण्याचंही तसंच. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं पाणी मुरायला खाली पुरेशी कोरडी वाळू लागते. भूजल वर आलं की ती जाडी उरत नाही आणि न गाळलेलं पाणी खाडीत पोचतं. पहिली वार्ता कालवांकडून येते. एक मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं, म्हणून पाण्यातले जंतूही त्याच्याच पोटात साठतात, आणि त्या पट्ट्यातली कालवं खाण्यासाठी काढणं बंद करावं लागतं.

उघाडी, मानस आणि राइस ट्रंक

डिवीजच्या पोटात बांध घालून अडवलेलं सुमारे २०० एकरांचं खारं तळं आहे. त्यातलं पाणी कमी-जास्त करून पाणपक्ष्यांना जागा दिली जाते. या किनाऱ्यावर अशा कामाचं जुनं साधन म्हणजे ‘राइस ट्रंक’. अठराव्या शतकात इथे भाताचे मळे होते आणि ते पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर आणि त्यांच्या भातशेतीच्या ज्ञानावर उभे होते. सुरुवातीला पोखरलेला ओंडका बांधाखालून घालत आणि बूच मारत. ‘ट्रंक’ हे नाव त्यावरून पडलं. पुढे त्याची लाकडी पेटी झाली.

रायगडातल्या खारभूमीच्या बांधातली उघाडी किंवा गोव्याच्या खाजणातला मानस, ही भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी दारं, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे यंत्र नवीन वाटणार नाही. पेटी बांधाच्या आरपार जाते. दोन्ही टोकांना वरून बिजागरीवर लटकणारी एकेक झडप असते, आणि ती पेटीच्या बाहेरच्या बाजूलाच उघडते. तळं रिकामं करायचं असेल तर आतली झडप वर उचलून अडकवून ठेवायची आणि खाडीकडची सोडून द्यायची. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, बाहेरची झडप ढकलली जाऊन पाणी निघून जातं. भरती चढू लागली की तेच खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं. तळं भरायचं असेल तर उलट : बाहेरची उचलायची, आतली सोडायची. दिवसातून दोनदा समुद्रच काम करतो.

पक्ष्यांसाठी खेळ सेंटिमीटरचा आहे. छोट्या चिखल्या पक्ष्यांना पायाच्या घोट्याएवढं, चार-पाच सेंटिमीटर पाणी आणि उघडा चिखल लागतो. डुबकी न मारणाऱ्या बदकांना वीतभर. म्हणून वसंतातल्या स्थलांतराच्या सुमारास पाणी हळूहळू उतरवत नेतात, म्हणजे रोज थोडा नवा चिखल उघडा पडतो.

बिघाड होतात ते असे. गवताची जुडी झडपेत अडकली तर ती पुरती बसत नाही आणि रातोरात तळं भरतं. लाकूड पोखरणारे समुद्री किडे पेटी आतून खातात. खेकड्यांची बिळं बांधात वाढत जातात आणि एखाद्या उधाणाला खांड पडते. उन्हाळ्यात पाणी कोमट आणि स्थिर राहिलं की पहाटे प्राणवायू संपून मासे पोटं वर करून तरंगतात. तेव्हा भरतीचं ताजं पाणी तातडीने आत घ्यावं लागतं. सगळ्यात वाईट चूक म्हणजे तळं फार दिवस कोरडं ठेवणं. या चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग असतं. हवा लागली की त्यातून आम्ल तयार होतं, आणि पुन्हा पाणी घेतल्यावर ते पाणी मासे मारण्याइतकं आंबट होऊ शकतं.

कासवाचं घरटं, पहाटे

मे ते ऑगस्ट या काळात लॉगरहेड कासवं इथे अंडी घालायला येतात. हे दक्षिण कॅरोलिनाचं अधिकृत सरीसृप. किनाऱ्यावर पाहणी करणारे स्वयंसेवक राज्याच्या वन्यजीव खात्याच्या परवान्याखाली काम करतात. परवान्याशिवाय घरट्याला हात लावणं गुन्हा आहे.

काम उजाडताच सुरू होतं, कारण भरती आणि वारा माग पुसून टाकतात. लॉगरहेडचा माग एकाआड एक वल्ह्यांचा असतो, जणू कुणी पोटावर सरपटत गेलंय. माग जिथे संपून परत वळतो तिथे विस्कटलेली वाळू दिसते. आधी नजरेने, मग हाताने. ओल्या घट्ट वाळूत एका जागी बोटं सहज आत जातात. खाली ढोपरभर खोलीवर पिंगपाँगच्या चेंडूएवढी, कातड्यासारख्या मऊ कवचाची अंडी लागतात. शंभर-सव्वाशे असतात. पहिलं अंडं दिसलं की थांबायचं.

घरटं भरतीरेषेच्या वर असेल तर तिथेच ठेवतात. वर मोठ्या छिद्रांची जाळी बसवतात; पिल्लं त्यातून बाहेर येऊ शकतात, रॅकूनला उकरता येत नाही. भरतीत बुडेल अशी जागा असेल तर हलवतात, पण अंडी घातल्यापासून बारा तासांच्या आत. त्यानंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून प्रत्येक अंडं ज्या बाजूने होतं त्याच बाजूने उचलून बादलीत ओल्या वाळूवर ठेवतात आणि नवीन खड्डा जुन्याच खोलीचा आणि आकाराचा खणतात. खोली बदलली तर तापमान बदलतं, आणि तापमानावर लिंग ठरतं : साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. त्यानंतर काही दिवसांनी घरटं उकरून रिकामी कवचं, न फुटलेली अंडी, मागे अडकलेली पिल्लं यांची मोजदाद होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांसाठी हेच काम होतं, पण पद्धत वेगळी आहे. तिथे जवळजवळ सगळी घरटी उचलून कुंपणाच्या उबवणी केंद्रात आणतात, कारण कोल्ही, कुत्री आणि पूर्वी माणसंही अंडी नेत. ज्या किनाऱ्यावर कुत्री मोकळी नाहीत आणि रात्री वर्दळ नाही, तिथे घरटं जागेवर ठेवणंच बरं. हलवताना थोडं नुकसान होतंच.

पिल्लं उजेडाकडे जातात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राची बाजू उजळ असते. मागे घराचा दिवा पेटला की ती उलटी फिरतात आणि सकाळी वाळूच्या टेकड्यांत वाळलेली सापडतात. म्हणून समुद्राकडच्या खिडक्यांना पडदे, बाहेरचे दिवे खाली वळवलेले आणि पिवळसर-तांबडे, आणि किनाऱ्यावर टॉर्च लाल. डिवीजवर मागे जंगल अंधारात असतं, हा इथल्या कासवांचा मोठा फायदा.

किनारा कितीही जपला तरी मादी समुद्रात जाळ्यात मेली तर उपयोग नाही. दक्षिण कॅरोलिनाने १९८८ मध्ये कोळंबीच्या जाळ्यांना ‘टेड’, म्हणजे कासवाला सुटू देणारं साधन, सक्तीचं केलं, आणि असं करणारं ते पहिलं राज्य. जाळ्यात तिरकी लोखंडी जाळी असते; कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या फटीतून सुटतं. याच टेडच्या अटीवरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं, आणि त्याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली.

मच्छर, हरणं, मगरी

डासांना फवारणी हा सोपा उपाय दिसतो, पण त्यात चतुर, काजवे, मधमाश्याही जातात. खाजणातला डास साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. तो ओल्या चिखलावर घालतो, आणि पुढच्या उधाणाचं पाणी आलं की ती फुटतात. रोज भरती येते त्या भागात तो वाढत नाही. वाढतो तो फक्त महिन्यातून एक-दोनदा भिजणाऱ्या उंच खळग्यांत. तेवढे खळगे शोधून तिथे लहान मासे पोचतील अशी वाट करून दिली तर बरंच काम होतं.

हरणं वाढली की जंगलाच्या तळची रोपं संपतात. दाट झुडपात घरटं करणारा रंगीबेरंगी पेंटेड बंटिंग मग जागाच सोडतो. ॲलिगेटरला, म्हणजे तिथल्या मगरीला, खाऊ घालणं राज्यात बेकायदा आहे. माणूस म्हणजे अन्न असं तिने एकदा शिकलं की ती धाडसी होते, आणि धाडसी झालेली मगर बहुधा मारलीच जाते.

वाळू एका जागी राहत नाही

२१ सप्टेंबर १९८९ च्या मध्यरात्री ह्यूगो वादळ चौथ्या श्रेणीचं होऊन याच बेटांवर धडकलं. उत्तरेला बुल्स बे भागात समुद्र सुमारे वीस फूट चढला. जवळच्या सलिव्हन्स बेटाचा पूल निकामी झाला. त्यावरून शिकलेला धडा साधा आहे : बोटीवर अवलंबून असलेल्या बेटाने मुख्य भूमीच्या आधी रिकामं व्हायचं. वारा वाढला की बोट बंद, आणि मागे राहिलेल्याला आणायला कुणी येऊ शकत नाही.

वादळ नसतानाही बेट हलत असतं. लाटा वाळू नैऋत्येकडे वाहून नेतात. डिवीजच्या खाडीमुखाशी वाळूचे उथळ पट्टे साठतात आणि अधूनमधून सरकत जाऊन आइल ऑफ पाम्सला चिकटतात. चिकटतात तिथे किनारा फुगतो, त्याच्या दोन्ही बाजूंना झिजतो. तिथली घरं काही वर्षं धोक्यात येतात आणि मग पुन्हा वाळू भरते. केपर्सच्या किनाऱ्यावर जंगलातली झाडं उभीच्या उभी समुद्रात मेलेली दिसतात. तिथे कुणाचं घर नसल्याने कुणी धावपळ करत नाही. सागरी भिंत बांधायची सोय नाही, १९८८ च्या कायद्याने नव्या भिंतींना बंदी आहे, आणि ती योग्य आहे. भिंत मागचं घर वाचवते, पण पुढची पुळण खाते. पुळण गेली की कासवही गेलं.

चार्ल्सटनला समुद्राची पातळी गेल्या शंभर वर्षांत सुमारे एक फूट वाढली आहे. खाजणातलं गवत गाळ अडवून स्वतःला वर उचलत असतं, पण समुद्र त्याहून वेगाने चढला तर ते बुडतं. तेव्हा त्याला एकच मार्ग उरतो : मागे, उंच जमिनीकडे सरकणं. मागे भिंत, रस्ता किंवा अंगण असेल तर तो मार्ग बंद होतो. डिवीजवर खाजणाच्या कडेला बराचसा भाग न बांधता सोडलेला आहे. तिथे आज पामेटो आणि मर्टल उभे आहेत. काही ठिकाणी उधाणाचं पाणी त्यांच्या मुळांपर्यंत येतं, झाडं पिवळी पडतात आणि खालच्या वाळूत खाऱ्या गवताचे पहिले कोंब दिसतात. ती झाडं वाचवायची नसतात. वाळलेली खोडं तशीच उभी ठेवतात, सुतार पक्ष्यांना ती लागतात.